चाकाचा घेर आणि दात्यांचा हिशेब

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे विषय शोभतात. कामगार चळवळीत केस पांढरे झालेल्या आमच्यासारख्या माणसाकडून फार तर किमान वेतनाचा किंवा बोनसचा विषय अपेक्षित असतो. आम्ही पिकअप गाडीचे टायर हा विषय सुचविला, तेव्हा संयोजकांपैकी एकदोघांच्या चेहऱ्यावर शंका उमटली. ‘यात कामगाराचा संबंध कोठे आला?’ असे त्यांनी विचारलेही. तो संबंध कसा आहे, हेच येथे सांगावयाचे आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपुरते झाले. पुढे जे काही शिकलो ते गॅरेजच्या दारात, ग्रंथालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या तक्रारी ऐकताना. म्हणून या लेखात अवघड गणित नाही. ज्याला गुणाकार-भागाकार येतो त्याला हा हिशेब करता येईल, आणि तो प्रत्येकाला करता यावा अशी आमची इच्छा आहे.

पिंगळी हे परभणी-पूर्णा लोहमार्गावरचे गाव. भोवतीची जमीन काळी, खोल आणि चिकण. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, आणि मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की तीच जमीन फुगते, लोण्यासारखी मऊ होते आणि चाकाला धरून ठेवते. शेतातला माल परभणीच्या मोंढ्यात न्यायचा तर डांबरी सडकेपर्यंतचा पांदणीचा रस्ता हीच खरी परीक्षा. पूर्वी ही परीक्षा बैल देत. आता पिकअप देते. साहजिकच गाडी उंच करावी, कमानींत पाटे वाढवावेत, मोठे टायर घालावेत, असे मालकांच्या मनात येते. दिसायलाही गाडी रुबाबदार दिसते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका गाडीचा चालक आमच्याकडे आला. किलोमीटरमागे ठरलेल्या दराने त्याला मजुरी मिळे. खाली बसायच्या आधीच तो म्हणाला, “भाऊ, मालक म्हनतेत मी डिझेल इकतो. लेकरांची शपथ घेतो, एक थेंब इकला नाही.” मालकाचे म्हणणेही कागदावर पाहिले तर खोटे वाटत नव्हते. खेपा पूर्वीइतक्याच होत्या, डिझेल थोडे जास्तच लागले होते, आणि मीटरवर किलोमीटर मात्र कमी पडले होते. पूर्वी लिटरला बारा किलोमीटर चालणारी गाडी आता साडेदहाच्या आसपास आली होती. मालकाने फरकाचे डिझेल मजुरीतून कापले होते. शिवाय कमी किलोमीटरमुळे मजुरीही घटली होती. म्हणजे एकाच कारणासाठी दोनदा कपात.

आम्ही त्याला एवढेच विचारले, “गाडीत काय बदललं?” तो म्हणाला, “काही नाही भाऊ. पावसाळ्याच्या तोंडावर पाटे वाढवले अन् टायर मोठे घातले, तेवढंच.” त्या ‘तेवढंच’मध्ये सगळे उत्तर होते. ते कसे, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

सायकल आपण सर्वांनी पाहिली आहे. पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्याला २२ दाते असतील, तर पायाच्या एका फेऱ्यात मागचे चाक दोनदा फिरते. दात्यांची जोडी बदलली की वेग आणि जोर यांचा सौदा बदलतो, हे मुलालाही कळते. परंतु साखळी येण्यापूर्वीची सायकल कशी होती? १८७० नंतरच्या काळात इंग्लंडमध्ये जी सायकल चालत असे तिचे पुढचे चाक माणसाच्या छातीपर्यंत येई आणि पायटे थेट त्या चाकालाच जोडलेले असत. पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. मग वेग वाढवायचा कसा? चाकच मोठे करायचे. चालविणाऱ्याचे पाय जेथवर पोचतील तेथवर चाक वाढत गेले, आणि त्या उंचीवरून तोंडावर आपटणारेही वाढत गेले. १८८५ साली स्टार्ले या कारागिराने साखळीची ‘रोव्हर’ सायकल काढली, तेव्हा चाकाचे काम दात्यांनी आपल्याकडे घेतले आणि चाक पुन्हा लहान झाले. या इतिहासातून एक गोष्ट ध्यानी घ्यावयाची: चाकाचा आकार हाही एक गिअरच असतो. चाक मोठे करणे म्हणजे वरचा गिअर टाकणे होय.

मोटारगाडीत हीच गोष्ट तीन टप्प्यांनी घडते. इंजिनाचा पीळ प्रथम गिअरबॉक्समध्ये वाढतो. तेथून तो दांड्याने मागच्या ॲक्सलकडे जातो. तेथे डिफरन्शियलच्या घरात लहान दातेरी चक्र असते ते पिनियन, आणि त्याने फिरणारे मोठे चक्र असते ते क्राऊन. समजा पिनियनला ९ आणि क्राऊनला ३७ दाते आहेत. ३७ ला ९ ने भागले की ४.११ येतात. म्हणजे दांडा ४.११ वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरेल, आणि पीळ तितक्याच पटीने वाढेल. तिसरा टप्पा म्हणजे चाक. येथे पिळाला चाकाच्या त्रिज्येने भागावयाचे. येईल ती जमिनीवरची ओढ. त्रिज्या वाढली की भागाकार घटतो. इंजिन तेच, दाते तेच, तरी ओढ कमी.

पुष्कळ लोकांचा येथे गैरसमज होतो. ‘ट्रॅक्टरचे चाक केवढे मोठे! म्हणूनच तो ओढतो’, असे ते म्हणतात. ट्रॅक्टरचे मोठे चाक त्याला मऊ जमिनीवर तोलून धरते आणि जमिनीवर पकड देते, हे खरे. परंतु ते फिरविण्यासाठी त्याच्या पोटात दात्यांची फार मोठी घट केलेली असते. म्हणूनच त्याचे इंजिन जोरात फिरत असताना चाक संथपणे वळते. ती घट काढून नुसते चाक ठेवले तर ट्रॅक्टर जागचा हलणार नाही. मोठे चाक खड्डा सोपा करते आणि चढ अवघड करते, एवढे सूत्र पाठ करावे.

आता टायरवरचे आकडे वाचू. ‘२१५/७५ आर १५’ असे लिहिलेले असते. २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या शेकडा ७५. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. २१५ चे शेकडा ७५ म्हणजे १६१. वरची आणि खालची बाजू मिळून ३२२. त्यात रिमचे १५ इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर मिळविले की ७०३ मिलिमीटर व्यास येतो. त्याच रीतीने २३५/७५ आर १५ या टायरचा व्यास ७३३ येतो. फरक शेकडा ४ चा. काही टायरांवर मात्र व्यास थेट इंचांत लिहिलेला असतो. ३१ इंची टायर म्हणजे ७८७ मिलिमीटर. येथे फरक शेकडा १२ चा झाला. आमच्या चालकाच्या गाडीला हाच ३१ इंची टायर, त्याला लागणाऱ्या रुंद रिमसकट, बसविला होता.

या १२ टक्क्यांनी काय काय केले ते क्रमाने पाहू. ओढ १.१२ ने भागली गेली, म्हणजे शंभराची एकोणनव्वद झाली. भरलेली गाडी पांदणीतून हलविताना अर्धा क्लच दाबून धरावा लागे. क्लच प्लेट जळण्याचा वास येई. ब्रेकचेही तसेच. ड्रमवर ब्रेकचा जोर पूर्वीइतकाच, पण तरफ लांब झाली. म्हणून चाकाला थांबविणारी शक्ती जमिनीवर तितकीच कमी पोचली. शिवाय चाक स्वतः जड झाले.

आणि मीटर? मीटरला रस्ता दिसत नाही. ते दांड्याचे किंवा चाकाचे फेरे मोजते आणि कारखान्याने सांगितलेल्या घेराने गुणते. घेर वाढला हे त्याला कोणी सांगितलेले नसते. काटा ६० दाखवीत असताना गाडी ६७ ने धावत असते; आणि खरे १०० किलोमीटर झाले तरी मीटर ८९ च लिहिते. महिन्याला ३,००० किलोमीटर धावणाऱ्या चालकाचे ३२० किलोमीटर असे हवेत विरतात. डिझेल मात्र खऱ्या रस्त्यावर जळते. म्हणून लिटरमागचे किलोमीटर कागदावर घटतात आणि चोरीचा आळ चालकावर येतो.

१९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी जो कायदा झाला त्यात कामाचे तास, विश्रांती, रजा यांची तरतूद होती. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला लागू होता. एका गाडीवरचा एकटा चालक त्याच्या बाहेरच राहिला. अशा माणसापाशी ना हजेरीपट, ना नोंदवही. त्याचा एकमेव साक्षीदार म्हणजे डॅशबोर्डवरचे मीटर, आणि टायर बदलले की तो साक्षीदार न सांगता खोटे बोलू लागतो.

आम्ही मालकाला भांडायला बोलावले नाही, मोजायला बोलावले. जुनी चाके रिमसकट त्याच्याच शेडमध्ये पडलेली होती. सपाट सडकेवर गाडी उभी केली, मागच्या टायरवर आणि त्याखाली जमिनीवर खडूने खूण केली आणि चाकाचे बरोबर दहा फेरे होईपर्यंत गाडी हळू पुढे नेली. टेपने अंतर मोजले: २४ मीटर ५ सेंटिमीटर. मग जुने चाक चढवून तेच केले: २१ मीटर ५० सेंटिमीटर. कागदावरच्या व्यासावरून काढलेला घेर याहून थोडा जास्त येतो, कारण वजनाने टायर खाली दबतो. म्हणून नेहमी भरल्या गाडीनिशी, योग्य हवा ठेवून मोजावे. चोवीस पूर्णांक पाच शतांशाला साडेएकवीसने भागले, १.१२ आले. मालकाने स्वतः पुन्हा भागाकार केला. मग मागील दोन महिन्यांचे किलोमीटर १.१२ ने गुणले. डिझेलचा जवळजवळ सगळा फरक नाहीसा झाला. जो थोडा उरला तो जड चाकांचा आणि खालच्या गिअरमध्ये जास्त वेळ चालण्याचा होता. तोही चालकाच्या खिशात गेलेला नव्हता.

आता कोणी विचारील की मोठे टायर घालूच नयेत काय? तसे आमचे म्हणणे नाही. पण का घालतो हे आधी स्पष्ट असावे. गाडी दोन प्रकारे उंच होते. कमानीचे पाटे वाढविले तर चौकट आणि हौदा वर जातो. ॲक्सल मात्र चाकाच्या मध्यावरच राहतो. चिखलात जे आधी टेकते ते डिफरन्शियलचे घर होय, आणि ते पाट्यांनी एक केसभरही उचलले जात नाही. ते फक्त टायरने उचलले जाते, आणि तेही व्यासातल्या वाढीच्या निम्म्याने. ७०३ चे ७८७ झाले, म्हणजे ८४ मिलिमीटर वाढले. डिफरन्शियल वर गेले ४२ मिलिमीटर. अवघी दोन-अडीच बोटे. शिवाय आमच्या काळ्या मातीत अडचण उंचीपेक्षा चिकटपणाची असते. चिखल टायरच्या नक्षीत भरतो, मडगार्डच्या आत भरतो आणि चाकच जाम करतो. मोठा टायर घालून आतली मोकळी जागा संपविली तर अडचण वाढते. त्याच मापाचा, पण खोल आणि मोकळ्या नक्षीचा टायर घातला तर पुष्कळ वेळा काम भागते.

पाटे वाढविण्याची किंमत दुसरीकडे भरावी लागते. दोन चाकांमधल्या अंतराचे निम्मे घ्यावे आणि भाराच्या मध्याच्या उंचीने भागावे. हा आकडा जितका लहान तितकी गाडी वळणावर उलटण्याचा संभव मोठा. समजा निम्मे अंतर ७० सेंटिमीटर आणि भाराची उंची १०० सेंटिमीटर आहे, भागाकार ०.७० येतो. उंची १० सेंटिमीटरने वाढविली की तो ०.६४ होतो. कापूस किंवा कडबा उंच रचलेला असेल तर याहूनही वाईट. आणखी एक हिशेब कोणी करीत नाही, तो हमालाचा. हौदा चार बोटे वर गेला की ५० किलोचे प्रत्येक पोते चार बोटे जास्त उचलावे लागते. तीस पोत्यांची गाडी दिवसातून दोनदा भरणाऱ्या पाठीला ही चार बोटे संध्याकाळी कळतात. गाडी उंच करताना त्या पाठीला कोणी विचारले आहे काय?

इतके पाहूनही मोठे टायर घालावयाचेच असतील तर दाते बदलले पाहिजेत. रीत सोपी आहे: जुन्या दात्यांच्या प्रमाणाला टायरच्या वाढीने गुणावे. ४.११ गुणिले १.१२ म्हणजे ४.६०. याच्या जवळची जोडी शोधावी. पिनियन ९ आणि क्राऊन ४१ असेल तर ४.५६ येते. हरवलेली ओढ जवळजवळ पूर्ण परत मिळाली. पुष्कळ गाड्यांत मीटर गिअरबॉक्सच्या मागल्या टोकाकडून फेरे मोजते. तेथे दाते बदलताच मीटरही आपोआप खरे बोलू लागते. जेथे मीटर चाकाजवळच्या यंत्राकडून माहिती घेते, तेथे दाते बदलूनही ते चुकीचेच राहील. ते वेगळे दुरुस्त करून घ्यावे लागेल. गाडी चारही चाकांना जोर देणारी असेल तर पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलांत एकाच प्रमाणाची जोडी हवी, नाहीतर दोन्ही एकमेकांशी झुंजून आतले भाग मोडतात. ब्रेकची कसर मात्र दात्यांनी भरून निघत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

दाते निवडताना हावही धरू नये. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या पिनियनला ८ आणि क्राऊनला ३९ दाते होते, प्रमाण ४.८८. पुढे त्याच घराण्याच्या सीजे-३बी जीपला ८ आणि ४३ ची जोडी आली; प्रमाण ५.३८. ही जीप महिंद्रने मुंबईत बांधली आणि आपल्याकडच्या कच्च्या रस्त्यांवर ती वर्षानुवर्षे राबली. ओढायला ती खंबीर, पण वेगाला बेताची. एखाद्याने लहान टायर तसेच ठेवून ४.११ च्या जागी ५.३८ घातले, तर ज्या वेगाला इंजिनाचे मिनिटाला ३,००० फेरे लागत तेथे सुमारे ३,९०० लागतील. डिझेल आणि इंजिन दोन्ही जळतील. कारखान्याने टायर, दाते, ब्रेक आणि पाटे ही चौकडी एकमेकांकडे पाहून ठरविलेली असते. एकाला हात लावला की उरलेल्या तिघांना विचारावे लागते.

कायद्यालाही विचारावे लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. शब्द ‘मालक’ असा आहे, हे चालकांनी लक्षात ठेवावे. म्हणून निर्मात्याने त्या गाडीसाठी मान्य केलेल्या मापांतच टायर निवडावा आणि त्यापुढचे काही करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारावे. अपघात झाला की विमा कंपनी प्रथम गाडीचे मूळ रूप पाहते, आणि त्या वेळी दवाखान्यात बहुधा चालक पडलेला असतो. मोठा टायर घातल्याने नोंदणीपत्रातले वजन वाढत नाही, हेही सांगून ठेवतो.

आमच्या चालकाचे पुढे काय झाले? मालकाने कापलेले पैसे परत दिले. क्राऊन-पिनियनची जोडी त्याच्या गाडीसाठी सहज मिळेना, म्हणून दिवाळीआधी त्याने जुनी चाके पुन्हा चढविली. तोवरच्या प्रत्येक बिलावर ‘मीटर गुणिले १.१२’ असे लिहून दोघांनी सही केली. चोरीचा शब्द मात्र त्याने तोंडाने मागे घेतला नाही. चालकाने पुढच्या हंगामात ती गाडी सोडली. पैसे टेपने परत आणता येतात. गेलेला विश्वास आणता येत नाही. म्हणून मोजणी भांडणाच्या आधी व्हावी, हा आमचा आग्रह आहे.

शेवटी एक गोष्ट. हा सगळा खटाटोप कशासाठी? शेतापासून सडकेपर्यंतच्या दोन-तीन किलोमीटर चिखलासाठी. तेवढ्यासाठी गाडी वर्षभर, कोरड्या डांबरी रस्त्यावरही, उंच, जड आणि अवखळ करून चालवायची. राज्य शासनाने २०२१ साली शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना काढली. आपल्या गावची पांदण त्या यादीत आहे काय, नसेल तर का नाही, हे ग्रामसभेत उठून विचारणे हे मोठा टायर विकत घेण्याहून स्वस्त आहे. गावातली प्रत्येक गाडी चार बोटे वर उचलण्यापेक्षा रस्ता एकदा वर उचलावा, म्हणजे बैल, गाडी, चालक आणि हमाल या चौघांचेही भले होईल.

तोवर ज्यांच्या गाडीचे टायर बदलले असतील त्यांनी घरी जाताना एक खडू आणि एक टेप घ्यावा. दहा फेरे मोजायला पाव तास लागतो.